आर्थ्रोग्राम म्हणजे काय?

(कामोठे येथील साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आपल्या कामोठ्यात महात्मा गांधी मिशनचे मोठे रुग्णालय आहे. पण रुग्णालय कुठलेही असो, कागदावर इंग्रजी शब्द दिसला की माणूस बिचकतो. आज अशाच एका शब्दाची फोड करू. शब्द आहे ‘आर्थ्रोग्राम’.

हा शब्द ग्रीक भाषेतून आला. ‘आर्थ्रॉन’ म्हणजे सांधा. ‘ग्रामा’ म्हणजे लिहिलेले, रेखाटलेले. दोन्ही मिळून झाले ‘सांध्याचे चित्र’. बघा, किती सोपे! पूर्वी तार येई, तिला टेलिग्राम म्हणत. त्यातही हाच ‘ग्राम’. संधिवाताला डॉक्टर आर्थ्रायटिस म्हणतात. त्यातही हाच ‘आर्थ्रॉन’. आपला ‘सांधा’ हा शब्द संस्कृत ‘संधी’वरून आला. ‘विद्या’ आणि ‘आलय’ जोडून ‘विद्यालय’ होते, त्यालाही संधीच म्हणतात. हाडे जुळली की सांधा, अक्षरे जुळली की संधी.

आता हे चित्र कसे काढतात ते ऐका. १८९५ साली जर्मनीत राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले. या किरणांनी हाड दिसते. पण सांध्यातली कूर्चा आणि सांधा बांधणारे बंध नीट दिसत नाहीत. म्हणून सुईने सांध्यात औषध सोडतात. ते आत पसरते आणि फोटोत पांढरे उमटते. आत कुठे फाटले असेल, तर औषध त्या फटीत शिरते. घागरीत पाणी भरले की चीर कळते ना, तसेच हे. हल्ली औषध सोडून एमआरआयही काढतात.

गुडघा दुखला म्हणून प्रत्येकाला ही तपासणी लागत नाही. डॉक्टरांनी सांगितली, तर “कशासाठी?” असे जरूर विचारा. विचारण्यात लाज कसली?

सुई टोचण्याआधी चार गोष्टी आपण होऊन सांगा. कोणते औषध अंगावर उठते का? रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का? सांध्यापाशी जखम किंवा पू आहे का? बाई गरोदर आहे का? यातले काही लपवले, तर जिवाशी गाठ पडू शकते.

नंतर एक-दोन दिवस सांधा जड वाटतो, थोडा दुखतो. त्याला भिऊ नका. मात्र ताप आला, सांधा लाल होऊन सुजला, तर अंगारे-लेप करीत बसू नका. तडक डॉक्टरांकडे जा.

मंडळी, सुईआधी संमतीपत्र पुढे येते. आजवर आपण अंगठा उठवून मोकळे होत होतो. आता अक्षर ओळखता. कागद वाचा, अडेल ते विचारा, मगच सही करा. शरीर आपले, सहीही आपली.