कपाशीच्या ओळी आणि पाढे



तिसरीतील मूल "सात आठे छप्पन्न" घडाघडा म्हणते. पण आठ साते किती, असे विचारताच ते पुन्हा "आठ एके आठ" पासून आरंभ करते. पाठांतर वाईट नव्हे. ते समजुतीच्या आधी येते, हा दोष होय.

यवतमाळ जिल्ह्यात या समजुतीचे साधन शिवारातच उभे असते. कपाशी चौफुलीवर लावलेली असेल, तर एका धुऱ्यावरून आठ-आठ झाडांच्या सात ओळी दिसतात. शेजारच्या धुऱ्यावरून पाहता त्याच सात-सात झाडांच्या आठ ओळी होतात. झाडे तीच, ५६. हे एकदा उमगले, की दहापर्यंतच्या पाढ्यांतील १०० गुणाकारांपैकी ५५ च वेगळे उरतात. एक, दोन, पाच व दहाचे पाढे मुलास सहज येतात. ते वगळल्यास खरे कष्टाचे गुणाकार अवघे २१! त्यांतीलही बरेच दुपटीने सुटतात : सात चोक अठ्ठावीस, त्याची दुप्पट छप्पन्न.

दुसरी अडचण संख्यानामांची. 'तेवीस' म्हणताना तीन आधी येतात, लिहिताना मात्र दोन आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन' असे वाचन देण्यात आले, तेव्हा मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागील भूमिका मांडली होती. बाजारात 'तेवीस' च चालणार, हे खरे. म्हणून ते नाव मुलास आलेच पाहिजे. परंतु तोंडी हिशेबाला 'वीस तीन' च उपयोगी पडते. तेवीस किलो कापूस वेचला व किलोला आठ रुपये मजुरी धरली, तर वीस आठे एकशे साठ, तीन आठे चोवीस. एकूण १८४ रुपये. केळापूर, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांतील कोलाम पोडांवरील मुलांची घरची बोली द्राविडी कुळातील कोलामी. त्यांना 'एकोणसत्तर' चे कोडे गणिताचे नसून भाषेचे असते. अशा मुलास मठ्ठ ठरविणे हा अन्याय होय.

मूल बोटे मोजत असेल, तर मोजू द्यावे. उत्तर बरोबर असो वा चूक, "कसे काढलेस?" हे अवश्य विचारावे. शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनीही शाळाभेटीत पाढे म्हणवून घेण्याऐवजी काट्यावरचा असा एखादा हिशेब मुलांना तोंडी घालावा, आणि उत्तरासाठी घाई करू नये.