बिनआरशाचा कॅमेरा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. शाळा सातवीला सुटली, पुढचे सारे शिक्षण चुलीपाशी आणि शिलाईयंत्रापाशी झाले. पण गेल्या हळदीकुंकवाला मी काढलेली हरणांची छायाचित्रे पाहून तुम्ही पुष्कळजणींनी विचारले, "कॅमेरा कसा गं निवडलास?" चिटणीसबाई म्हणाल्या, एकेकीला सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच सांगा. म्हणून उभी राहिले आहे. चुकेल ते पदरात घ्या.

मुळात कॅमेरा हवा कशाला झाला, ते आधी सांगते. आपल्या विट्यातली कितीतरी माणसे गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. आमचे हेही सोळाव्या वर्षी केरळात गेले. भट्टी, मूस आणि तेजाबाचा धूर यांत उभी हयात गेली. तीन वर्षांपूर्वी परत आले ते छातीचे दुखणे घेऊन. डॉक्टरांनी चढ चढायला आणि धुळीत जायला बंदी केली. ह्यांचे आजोळ सागरेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याशी. लहानपणी त्या उघड्याबोडक्या डोंगरावर ह्यांनी शेळ्या राखलेल्या. पुढे तिथे झाडे लावली गेली. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी फार कष्ट घेतले आणि १९८५ साली ते अभयारण्य झाले. सुमारे अकरा चौरस किलोमीटरच्या त्या जागेत आज सांबर, चितळ आणि काळवीट राहतात. ह्यांनी ते कधी पाहिलेच नव्हते. एकदा खाटेवर बसून म्हणाले, "त्या माळावर हरणं चरतात म्हणे. खरं वाटत नाही."

मी मनाशी ठरविले, ह्यांना दाखवायचे.

पहिल्यांदा मोबाईल घेऊन गेले. हरणे दिसली, पण चित्रात मुंगीएवढी. बोटांनी मोठी करून पाहिली तर नुसते तपकिरी ठिपके. दुसऱ्या खेपेला भाच्याचा मोठा कॅमेरा नेला. तो आरशाचा. लेन्समधून आलेला उजेड आतल्या आरशावर पडून वर डोळ्याकडे जातो आणि बटण दाबले की आरसा खटकन वर उचलतो. त्या आवाजाने काळवीट कान टवकारून पळाले. लेन्ससकट त्याचे वजन दोन किलोच्या वर. शिवणकामाने माझा उजवा खांदा आधीच धरलेला. पुढे आठ दिवस मला मशीन चालविता आले नाही.

तेव्हा कळले की आपल्याला हलका कॅमेरा हवा. बिनआरशाचा, ज्याला दुकानात मिररलेस म्हणतात, तो असा की त्यात आरसाच नाही. उजेड थेट आतल्या पडद्यावर पडतो. चित्र कसे येणार, उजळ की काळे, ते बटण दाबण्याआधीच दिसते. आणि फोटो आवाजावाचूनही काढता येतो. मात्र पळत्या जनावराचा फोटो तसा काढला तर आकार कधी कधी वाकडा येतो, हेही ध्यानात ठेवावे.

आता खरी अडचण. मला तीन कामे करून हवी होती. जनावर दुरून टिपायचे, म्हणजे लांब पल्ल्याची लेन्स. डोंगर आणि कृष्णाकाठचे शिवार एका चित्रात घ्यायचे, म्हणजे रुंद लेन्स. आणि चलचित्र घ्यायचे, म्हणजे हात हलता कामा नये आणि आवाज स्वच्छ यावा. एकाच तव्यावर भाकरी, पुरणपोळी आणि डोसा करण्यासारखे हे!

मुलगा म्हणाला, "आई, फुल फ्रेम घे, रात्रीसुद्धा छान येतात." खरे आहे. त्यात आतला पडदा ३६ बाय २४ मिलिमीटरचा, उजेड जास्त घेतो. पण त्याला लागणारी लांब लेन्स जड आणि महाग. मधल्या मापाच्या पडद्यावर चित्राचा मधलाच भाग येतो, म्हणून जनावर दीडपटीहून थोडे जवळ आल्यासारखे दिसते. माझ्या कामाला तेच बरे.

शेवटी कॅननचे दोन कॅमेरे उरले, दोन्ही २०२२ साली निघालेले. आर-७ मध्ये हाताची थरथर सावरण्याची सोय कॅमेऱ्यातच आहे, पण त्याची किंमत जास्त. आर-१० मध्ये ती सोय नाही; बॅटरीसकट वजन मात्र ४२९ ग्रॅम. भिशीचे आणि शिवणाचे मिळून माझ्याजवळ जे होते त्यात आर-७ आणि साधी छोटी लेन्स येत होती, नाहीतर आर-१०, तीच छोटी लेन्स आणि वर १०० ते ४०० मिलिमीटरची लांब लेन्स. मुलगा पहिल्याच्या बाजूचा. मी दुसरे घेतले. दोन दिवस घरात अबोला होता. पण मी म्हटले, हरणापर्यंत जी पोहोचते ती लेन्स. कॅमेरा चांगला आणि लेन्स आखूड, तर पुन्हा मुंगीच.

त्यात उणे काय, तेही सांगते. त्या लांब लेन्सचे तोंड बारीक, त्यामुळे तिन्हीसांजेला चित्रात रवा पडल्यासारखा दिसतो. थरथर सावरायची सोय लेन्समध्ये आहे, तरी चलचित्राला तिपाई लागतेच. आणि जनावर पळत असेल तर थरथर सावरून भागत नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका वेग ठेवावा लागतो.

घेणाऱ्या भगिनींसाठी आणखी चार गोष्टी. दुकानात लेन्स लावून कॅमेरा दहा मिनिटे हातात धरून पाहा. ह्या कॅमेऱ्यांना बॅटरी फार लागते, जादा एक जवळ ठेवा. चलचित्राला कार्डावर व्ही-३० लिहिलेले पाहून घ्या. सेकंदाला १०० मेगाबिटच्या चित्रणात ६४ जीबीचे कार्ड सुमारे पंचाऐंशी मिनिटांत भरते. वाऱ्याचा आवाज टाळण्यासाठी माईकवर केसाळ टोपी घाला.

त्या दिवाळीनंतर मी सागरेश्वरला गेले. सकाळच्या उन्हात सांबराची मादी पिलासह गवतात उभी होती. तिचे डोळे, कानाच्या कडा, सारे चित्रात आले. पाखरांच्या आवाजासकट चार मिनिटांचे चलचित्रही घेतले. निघताना छोट्या लेन्सने डोंगराचा एक साधा फोटो काढला, उगाच.

घरी येऊन टीव्हीला जोडून ह्यांना दाखविले. सांबर पाहून हसले. पण तो डोंगराचा फोटो आला तेव्हा म्हणाले, "थांब." बराच वेळ पाहत राहिले. मग बोटाने एक जागा दाखवून म्हणाले, "इथं आमच्या शेळ्या बसायच्या. सावलीला एक झाड नव्हतं."

सगळे पैसे मी लांब लेन्सवर घातले, आणि ह्यांचा जीव रमला तो छोट्या लेन्सच्या चित्रात! तरी मला पस्तावा नाही. दोन्ही जवळ होत्या म्हणूनच दोन्ही दाखविता आले. एवढेच सांगते, भगिनींनो, कॅमेरा कुठला घ्यावा हे विचारण्याआधी तो कोणाला काय दाखविण्यासाठी घ्यायचा, ते ठरवा. बाकीचे त्यावरून ठरत जाते.