डबीचा आवाज

(श्रीरामपूर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मी फार्मासिस्ट. सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्ही-उपचार, केंद्राच्या औषधखिडकीमागे माझी नोकरीतली बरीच वर्षं गेली. एचआयव्हीसह जगणारी माणसं महिन्याच्या गोळ्या न्यायला त्या खिडकीशी येत. प्लास्टिकची पांढरी डबी, आत तीस गोळ्या. डबी हातात पडली की पुष्कळ जण आधी ती कानाशी धरून हलवत. वाजली की पिशवीतून कापूस काढून आत कोंबत. परतीच्या एसटीत शेजारच्याला आवाज जाऊ नये म्हणून. कुणी लेबल नखानं खरवडून काढी. कुणी गोळ्या कागदाच्या पुडीत ओतून घेई आणि डबी तिथल्याच कचऱ्याच्या टोपलीत टाकी.

मी ओरडायचो, "अहो, डबी टाकू नका, आत ओल शोषणारी पुडी असते, गोळी दमट होईल." माणसं मान हलवत आणि गोळ्यांची पुडी कनवटीला लावून निघून जात. ओलीपासून गोळी सांभाळण्यापेक्षा माणसांपासून ती सांभाळणं त्यांना जास्त गरजेचं वाटत होतं. आज मला बोलायचं आहे ते याच लपवण्याबद्दल. या गोळीचे जे धोके मी पाहिले, त्यातले बहुतेक ती लपवून घेण्यातून आलेले होते.

आधी थोडं मागं जाऊ. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत झाली. ती ज्यांच्या मार्गदर्शनाखाली झाली त्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यानंतरची पंधराएक वर्षं आपल्या जिल्ह्यानं कशी काढली, हे इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तरणीताठी माणसं वाळून जायची, आणि गावात आजाराचं नाव कुणी घ्यायचं नाही. नगरमध्ये १९८९ साली डॉ. गिरीश कुलकर्णींनी सुरू केलेलं स्नेहालय त्या काळात लागण झालेल्या मुलांना आणि बायांना जवळ करत होतं, तेव्हा तसं करणारे फार थोडे होते.

१९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र दिली तर विषाणू दबतो हे जगाला कळलं. पण वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर. पुढं जे घडलं त्याचा धागा आपल्या मुलखातून जातो. आपण सगळे श्रीरामपूरच्या ज्या स्टेशनवर उतरतो, ज्याच्या फलकावर बेलापूर लिहिलेलं असतं, तिथून गाडी दौंडला जाते. दौंडजवळ कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत सिप्ला या औषध कंपनीचा कारखाना आहे. त्या कंपनीचे तेव्हाचे प्रमुख डॉ. युसूफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये तीन औषधांचा एकत्र उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यानं औषध बनवण्याच्या रीतीला पेटंट दिलं होतं, औषधाला नाही. म्हणून हे शक्य झालं. आफ्रिकेत लाखो माणसं त्या आणि तसल्या भारतीय गोळ्यांवर जगली.

आणि आपल्याकडे? सरकारी मोफत औषध सुरू झालं १ एप्रिल २००४ ला, देशभरात आठ रुग्णालयांत. मुंबईचं जे. जे. त्यातलं एक. मधली तीन वर्षं माझ्या मनातून जात नाहीत. आपल्या राज्यातली कंपनी गोळी बनवत होती आणि आपल्याच राज्यातली माणसं ती विकत घ्यायला रान विकत होती. दोन महिने घ्यायची, पैसे संपले की सोडायची, पुन्हा कांदा विकला की घ्यायची. त्या धरसोडीनं किती जणांच्या अंगात औषधाला न जुमानणारा विषाणू तयार झाला असेल!

धरसोड एवढी वाईट का, हे नीट समजून घेऊ. हा विषाणू आपल्या पेशीत शिरला की स्वतःच्या प्रती काढतो, आणि त्या काढताना सतत चुका करतो. त्यातली एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते आणि एका औषधातून तो निसटतो. तिन्हींतून एकाच वेळी निसटणं त्याला जवळपास अशक्य, म्हणून तीन औषधं. मात्र तिन्ही रक्तात पुरेशी हवीत. ती कमी पडली की अर्धवट औषधात वाढण्याचा सराव त्याला होतो. महिन्याच्या तीस गोळ्यांतल्या दोन चुकल्या की किमान ९५ टक्के गोळ्या पोटात जाण्याची रेघ आपण ओलांडून खाली आलेलो असतो.

आजची गोळी २००४ च्या गोळीपेक्षा पुष्कळ सोसवणारी आहे. तेव्हाच्या स्टॅव्हुडिननं गाल बसायचे, पायाला मुंग्या यायच्या. चेहऱ्यावरूनच गाव ओळखायचं. मग रात्री झोपताना घ्यायची, चक्कर आणणारी, विचित्र स्वप्नं पाडणारी इफाव्हिरेन्झची गोळी आली. आता बहुतेकांना टीएलडी मिळते : टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅविर ५०. दिवसातून एक. जेवून घ्या, उपाशी घ्या, चालते. पहिल्या काही आठवड्यांत डोकं दुखेल, मळमळेल, झोप उडेल. बहुतेकांचं ते थांबतं. झोप उडत असेल तर गोळी सकाळी घ्यावी. अंगावर पुरळ उठून ताप आला, डोळे पिवळे झाले, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता केंद्रात यावं.

वेळ कुठलीही चालते, ती ठरलेली हवी. आपल्या भागात कारखान्याच्या भोंग्यावर गोळी घेणारे मला भेटले आहेत. डेअरीत दूध घालून आलं की घेणारे भेटले. विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या; पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका. एकादशीला, नवरात्रात बाया गोळी बंद ठेवत. माउलींनो, पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीनं उपास मोडत नाही. रोजे धरणाऱ्यांनी वेळ सहरीला किंवा इफ्तारला बांधून घ्यावी. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जा, पंढरीच्या वारीला जा, गोळ्या बरोबर न्या, चार दिवस जास्तीच्या न्या.

आता एक घटना सांगतो, तिनं मला शिकवलं. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन इकडे यायची, फडाजवळच्या खोपीत राहायची. तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचा आकडा, दबलेला होता, तो अचानक वाढून आला. समुपदेशन झालं, डबीतल्या गोळ्या मोजल्या. मोजणी बिनचूक. "एकबी चुकवली न्हाई, लेकराची शपथ," ती म्हणाली. आमच्यापैकी कुणाचा विश्वास बसला नाही. माझाही नाही, आणि त्याची मला आजही खंत आहे. पुढच्या खेपेला मी तिला बाजूला बसवून सकाळपासूनचा दिवस विचारला. पहाटे तीनला उठायचं, भाकरी थापायच्या, गोळी घ्यायची, आणि पोटात जळजळ होते म्हणून लगेच ॲसिडिटीच्या पातळ औषधाचे दोन घोट. रोज. ते औषध दुकानातून आणलेलं. दुकानदाराला एआरटीची गोळी माहीत नव्हती, आणि आम्हाला ते पातळ औषध माहीत नव्हतं.

त्या पातळ औषधात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं. डोल्युटेग्रॅविर विषाणूला अडवतं ते त्याच्या यंत्रातल्या मॅग्नेशियमला पकडून. तोच पंजा पोटात समोर आलेल्या धातूला धरून बसतो, आणि मग औषध रक्तात पुरेसं उतरतच नाही. ती बाई रोज गोळी गिळत होती आणि गोळीतला बराचसा जीव रोज पोटातच जात होता. उपाय साधा होता : असलं पातळ औषध घ्यायचंच असेल तर गोळीनंतर दोन तासांनी, किंवा गोळीच्या सहा तास आधी. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांचा हा अडथळा नाही. शिपायानंही सांगावी इतकी सोपी गोष्ट, पण ती सांगायला कुणीतरी विचारायला हवं होतं.

लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचंही असंच. त्या आपण प्रत्येक गरोदर बाईला देतो, त्यामुळं हा अडथळा प्रत्येक बाळंतपणात उभा राहतो. त्या आणि टीएलडी भरल्या जेवणाबरोबर एकत्र घेतल्या तर चालतं. रिकाम्या पोटी एकत्र घेऊ नयेत. गरोदर बाईनं तर गोळी मुळीच सोडू नये. उपचाराशिवाय आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के, उपचार नीट चालले तर ५ टक्क्यांच्या खाली.

क्षयाचं रिफाम्पिसिन सुरू असेल तर डोल्युटेग्रॅविर शरीरातून भराभर निघून जातं. अशांना टीएलडीनंतर बारा तासांनी ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी देतात, आणि क्षयाचा उपचार संपल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवतात. मधुमेहाचं मेटफॉर्मिन उलट अंगात साचतं, म्हणून ते दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नसावं. फिटच्या जुन्या गोळ्या, फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, या डॉक्टरांना सांगितल्याच पाहिजेत. टेनोफोविरचा भार मूत्रपिंडावर असतो. म्हणून क्रिएटिनिनची तपासणी चुकवू नये आणि कंबर दुखली की डायक्लोफेनॅक, असा रोजचा परिपाठ ठेवू नये. मोळ्या वाहणाऱ्या माणसाला हे सांगणं मला जड जातं. त्याची कंबर खरंच दुखते. पण त्याच्या मूत्रपिंडांची राखण करायला दुसरं कुणी नाही.

आणि गोळी परस्पर बंद तर कधीच करू नये. ज्याला हिपॅटायटिस बीची कावीळ जोडीला आहे, त्याची कावीळही हीच गोळी दाबून धरत असते. गोळी अचानक सोडली की यकृत भडकतं.

श्रोतेहो, या सगळ्याचं मूळ एकच आहे. एका डॉक्टरला दुसऱ्यानं दिलेली गोळी माहीत नसते, कारण माणूस सांगत नाही. तो का सांगत नाही, याचं उत्तर त्याच्याकडे मागू नका. ते तुमच्या-माझ्याकडे आहे. आपण त्याला भितो, पण भीती वाटावी असं काही उरलेलं नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एचपीटीएन ०५२ या अभ्यासात नऊ देशांतली १७६३ जोडपी होती, आणि त्यातलं एक केंद्र आपल्या पुण्यात होतं. लवकर उपचार सुरू करणाऱ्यापासून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. पुढच्या अभ्यासांनी तर हे पक्कं केलं की ज्याच्या रक्तात विषाणू मोजणीत सापडत नाही आणि जो गोळी चालू ठेवतो, त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. त्याच्या ताटात जेवून, त्याच्या शेजारी बसून तर कधीच होत नव्हती.

कायदाही त्याच्या बाजूनं आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, कुणाचं नाव फोडता येत नाही, नोकरीतून, शाळेतून, दवाखान्यातून या कारणानं हाकलता येत नाही. मी कुणाला चावडीवर उभं राहून सांगा म्हणत नाही. घरातलं एक माणूस आणि उपचार करणारा प्रत्येक डॉक्टर, एवढ्यांना माहीत असलं की पुरे. डॉक्टरकडे जाताना उपचाराच्या नोंदींचं केंद्राचं हिरवं पुस्तक बरोबर न्यावं. तोंडानं सांगवत नसेल तर ते नुसतं टेबलावर ठेवावं.

टोळ्यांच्या मुकादमांनाही माझं सांगणं आहे. तारखेला केंद्रात जायचं म्हणून कुणी एक दिवस मागितला तर कारण न विचारता द्या, आणि तो दिवस उचलीतून कापू नका. हंगामाला निघण्याआधी केंद्रात कळवलं तर जिथं मुक्काम असेल तिथल्या जवळच्या केंद्रातून गोळ्या घेण्याची सोय होते, जास्त दिवसांच्या गोळ्यांबद्दलही विचारता येतं, हे टोळीतल्या सगळ्यांना मोठ्यानं सांगा. म्हणजे ज्याला हवं आहे त्याला वेगळं विचारावं लागणार नाही. काही शंका असेल तर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे.

शेवटी श्रीरामपुरातल्या माझ्या मेडिकलवाल्या बांधवांना. उद्या कुणी ॲसिडिटीचं, कॅल्शियमचं, कंबरदुखीचं औषध मागायला आलं तर पैसे घेण्याआधी हळू आवाजात विचारा, "रोजची आणखी कुठली गोळी चालू आहे का?" उत्तर मिळालं तर वेळेचं अंतर सांगा, आणि ते उत्तर दुकानाच्या बाहेर जाऊ देऊ नका.