टॉमस एडवर्ड : एक निसर्गवेडा कारागीर

निसर्गाची आवड हा फुरसतीचा विलास आहे, असा सर्वसाधारण समज दिसतो. पोटापाण्याची विवंचना मिटली, हाताशीं वेळ उरला, म्हणजे मग मनुष्यानें पांखरांच्या मागें जावें, किडेमुंग्या न्याहाळाव्या. ज्याच्या घरांत खाणारीं तोंडें पुष्कळ आणि मिळकत तोकडी, त्यानें आपण बरें कीं आपलें काम बरें, अशा रीतीनें राहावें. स्कॉटलंडमधील बॅन्फ या समुद्रकांठच्या गांवीं एकोणिसाव्या शतकांत जोडे शिवून संसार चालविणाऱ्या टॉमस एडवर्डचें चरित्र या समजाला खोटें ठरवितें.

एडवर्डचा जन्म १८१४ सालचा. बाप पलटणींतला साधा शिपाई. मुलाला प्राण्यांचें वेड जन्मजातच होतें. शाळेंत जातांना कधीं कपड्यांत दडविलेलें पांखरूं, तर कधीं बाटलींत भरलेल्या जळवा! त्या जळवा निसटून शेजारच्या मुलांच्या पायांवर चढल्या, तेव्हां मास्तरांची मुद्रा कशी झाली असेल तें सांगावयास नकोच. एकामागून एक तीन शाळांनीं त्याला बाहेरची वाट दाखविली, आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास शिक्षण संपून तंबाखूच्या कारखान्यांत मजुरी सुरू झाली. अकराव्या वर्षीं तो जोडे शिवण्याचें काम शिकूं लागला. तेव्हां हातांत आलेली आरी म्हातारपणापर्यंत सुटली नाहीं.

१८३४ च्या सुमारास तो बॅन्फला आला. १८३७ सालीं सोफिया रीड या मुलीशीं त्याचें लग्न झालें. आठवड्याची मिळकत साडेनऊ शिलिंग, आणि काम सकाळीं सहापासून रात्रीं नऊपर्यंत. मग पशुपक्ष्यांसाठीं वेळ आणावा कोठून? एडवर्डनें रात्र निवडली. काम आटोपलें, कीं खिशांत ओटच्या पिठाची कोरडी भाकरी आणि खांद्यावर साडेचार शिलिंगांची जुनी बंदूक घेऊन तो बाहेर पडे. त्या बंदुकीची नळी दस्त्याला सुतळीनें बांधलेली असे! अंधारांत दिसेनासें झालें, म्हणजे एखाद्या बिळासारख्या खड्ड्यांत किंवा स्मशानांतल्या थडग्याच्या आडोशाला तो अंग टाकी; पहांटे उजाडूं लागतांच पुन्हां निरीक्षण, आणि सहाच्या ठोक्याला कामावर हजर. पाऊस असो, हिम पडो, हा क्रम वर्षानुवर्षें चालला. सुटी काय ती रविवारची.

हें सर्व घरच्यांना सोपें गेलें असेल, असें नाहीं. पुढें सोफियेला कोणीं तसें विचारलेंहि. त्या काळीं जोडे शिवणाऱ्यांत दारूचें व्यसन फार. आपल्या नवऱ्याला त्या संगतीपासून त्याच्या प्राण्यांनींच दूर ठेवलें, मग तक्रार कशाची करावयाची, असा तिच्या उत्तराचा आशय होता. संसाराचा हिशेब तिनें बरोबर मांडला होता.

संकटें मात्र एकामागून एक आलीं. वीस पेट्यांत मांडलेले नऊशेंवर कीटक माळ्यावर ठेवले होते. उंदरांनीं ते फस्त केले. एडवर्डनें पुन्हां पहिल्यापासून गोळा करण्यास सुरुवात केली. १८४६ सालीं आपला संग्रह घेऊन तो बायकामुलांसह अबरडीन शहरीं गेला व तेथें त्यानें प्रदर्शन मांडलें. लोक फिरकले नाहींत; कर्ज मात्र वाढलें. निराशेच्या भरांत जीव देण्याच्या विचारानें तो समुद्रावर गेला. इतक्यांत वाळूवर चिमुकल्या किनारपक्ष्यांचा एक थवा उतरला. त्यांत एक पांखरूं निराळें, मोठें आणि काळसर होतें. तें कोणतें, हें पाहण्यासाठीं तो थव्याच्या मागोमाग चालूं लागला, आणि चालतां चालतां मरणाचा विचार कोठल्या कोठें गेला! नंतर वीस पौंड दहा शिलिंगांस सगळा संग्रह विकून त्यानें देणें फेडलें आणि मुलांना घेऊन तो बॅन्फला परतला.

पुढें प्रकृति ढासळली आणि रात्रीचें भटकणें बंद झालें. तेव्हां त्याचें लक्ष समुद्राकडे वळलें, आणि या कामांत त्याच्या मुली पुढें सरसावल्या. कोळ्यांच्या गळांना व जाळ्यांना लागून आलेला कचरा आणि माशांचीं पोटें त्या बापाकडे आणून देत. तो त्यांतून बारीक कवचधारी जीव निवडून काढी. ते जीव स्पेन्स बेट यांच्यासारख्या शास्त्रज्ञांकडे जाऊं लागले, आणि त्यांतले कित्येक शास्त्राला अगदीं नवे निघाले. ज्या वेडापायीं बाप रात्ररात्र घराबाहेर राहिला, तेंच वेड आतां सगळ्या घराचा उद्योग झालें होतें.

१८६६ सालीं लंडनच्या लिनियन सोसायटीनें त्याला आपला सहसदस्य करून घेतलें. तरी आरी हातांत होतीच. १८७६ सालीं सॅम्युअल स्माइल्स यांनीं त्याचें चरित्र प्रसिद्ध केलें, आणि मग व्हिक्टोरिया राणीकडून सालीना पन्नास पौंडांचें वेतन मिळालें. तेव्हां त्याचें वय बासष्ट वर्षांचें होतें. २७ एप्रिल १८८६ रोजीं तो वारला.

सन्मान उशिरा आला, हें खरें. पण एडवर्ड त्याची वाट पाहत बसला नव्हता. दिवस त्यानें मुलांच्या भाकरीसाठीं दिला, रात्र स्वतःच्या जिज्ञासेसाठीं ठेवली, आणि एकीच्या पायीं दुसरी सोडली नाहीं. वेळ मिळत नाहीं, अशी तक्रार ओठावर येईल त्या वेळीं सुतळीनें बांधलेली ती जुनी बंदूक आठवावी.