घाट, चिखल आणि ब्रेकपॅड

रत्नागिरींतल्या कित्येक आंबा-बागायतदारांचें बिऱ्हाड शहरांत आणि कलमें मात्र दूर सड्यावर, अशी स्थिति असते. अशा घरांतला तरुण सकाळीं मोटारसायकल काढतो, कांहीं अंतर डांबरी रस्त्यानें जातो, मग जांभ्या दगडाच्या कच्च्या वाटेला लागतो, एखादा वहाळ ओलांडतो आणि बागेंत पोंचतो. तीच गाडी घेऊन तो रविवारीं हातखंबा, पाली, साखरपा या वाटेनें आंबा घाट चढतो, कोल्हापुरांत आप्तांना भेटतो आणि दिवस मावळण्यापूर्वीं तोच घाट उतरूं लागतो. गाडी एकच, पण बागेची वाट ब्रेकापाशीं जें मागते तें घाट मागत नाहीं, आणि घाटाला जें हवें तें बागेच्या वाटेवर कधीं कधीं घात करतें. हा तंटा अखेर दोन बोटें रुंदीच्या एका तुकड्यावर येऊन ठेपतो. त्याला ब्रेकपॅड म्हणतात. गॅरेजांत हा तंटा बहुधा 'चांगल्यांतले टाका' एवढ्यावर मिटतो. चांगले म्हणजे कशासाठीं चांगले, हें विचारणारें गिऱ्हाईक विरळा.

ब्रेक दाबला म्हणजे गति नाहींशी झाली असें दिसतें. वस्तुतः ती उष्णतेच्या रूपानें पॅडांत आणि डिस्कमध्यें शिरलेली असते. हिशेब सोपा आहे. स्वार, सामान व गाडी मिळून २५० किलो वजन धरलें आणि तें ५०० मीटर उंचीवरून खालीं आणावयाचें झालें, तर तेवढ्या उष्णतेवर सुमारें चार लिटर पाणी साध्या तपमानापासून उकळीपर्यंत नेतां येईल. तिच्यांतला मोठा वाटा वारा आणि एंजिन घेतात, हें खरें. पण ज्यानें खालचा गिअर टाकण्याचा कंटाळा केला आणि उतारभर ब्रेकवर पाय ठेवला, त्याच्या पॅडांना यांतलें बरेंचसें आधण स्वतःच सोसावें लागतें.

चाकाला कांहीं तरी घासून वाहन थोपवण्याची कल्पना बैलगाडीइतकी जुनी. इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांत हर्बर्ट फ्रूड या गृहस्थानें १८९७ मध्यें घोडागाड्यांसाठीं घर्षणाचे ठोकळे बनवण्याचा उद्योग आरंभला. पुढें या धंद्यांत ॲस्बेस्टॉस आलें आणि अनेक दशकें ठाण मांडून बसलें. त्याची धूळ फुफ्फुसांत जाऊन कर्करोग होतो हें सिद्ध झाल्यावर एकेक देश त्यापासून दूर होत गेला. ब्रिटननें उरल्यासुरल्या वापरावर १९९९ मध्यें बंदी घातली. कॅलिपरमधली काळी धूळ तोंडानें वा हवेच्या नळीनें फुंकून उडवण्याची गॅरेजांतली संवय अजून गेलेली नाहीं, ती जावी. ओल्या फडक्यानें पुसणें बरें.

आज दुकानांत मिळणाऱ्या पॅडांत पहिली जात ऑर्गॅनिक. राळेनें एकत्र बांधलेले तंतू आणि निरनिराळ्या भुकट्या, असें तिचें स्वरूप. हे पॅड मऊ, आवाज न करणारे, डिस्कला जपणारे आणि बेताच्या किमतीचे असतात. घर ते कचेरी एवढ्याच वाटेला याहून अधिक कांहीं नको. परंतु ते फार तापले म्हणजे राळेचें विघटन होऊन वायु सुटतो आणि घर्षण घटतें. घाटाच्या कुठल्याशा वळणावर लिव्हर पूर्वीसारखाच घट्ट लागतो, पण गाडी मात्र पूर्वीसारखी आवरत नाहीं. दुसरी जात सिंटर्ड. तांबें व इतर धातूंची भुकटी दाबून, पूर्ण वितळूं न देतां भट्टींत तापवून ती एकजीव केलेली असते. तिला उष्णतेचें भय कमी. मात्र ती डिस्कला अधिक घासते, कधीं किंचाळते, आणि किमतीलाहि चढी असते. सेमी-मेटॅलिक ही या दोहोंमधली. सिरॅमिक म्हणून आणखी एक प्रकार विकतात, त्याचा या वाटेवर विशेष लाभ नाहीं.

आतां पावसाळा. रत्नागिरीस वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभ्याचा तांबडा रंग हा लोहाच्या ऑक्साइडाचा. जवाहिरे झिलईसाठीं जी तांबडी पूड वापरतात, तीहि लोहाचें ऑक्साइडच. त्या मातींत वाळूचे कण मिसळले आणि तो ओला राडा डिस्क व पॅड यांच्यामध्यें सांपडला, म्हणजे प्रत्येक ब्रेकागणिक सहाणेवर चंदन उगाळावें तसा पॅड उगाळला जातो. उन्हाळ्यांत महिनोन् महिने टिकणारा मऊ पॅड सततच्या चिखलांत कांहीं दिवसांतच पाठच्या पत्र्यापर्यंत जाऊं शकतो. वहाळ ओलांडल्यावर तर आणखी एक खोड दिसते. भिजलेला ऑर्गॅनिक पॅड पहिले कांहीं फेरे नुसता घसरतो आणि मग पाणी निघून जातांच एकाएकीं धरतो. स्वारानें तोंवर घाबरून लिव्हर आणखी आवळलेला असतो. सिंटर्ड पॅडाचें भिजल्यावरचें वागणें सुक्यापेक्षां फारसें निराळें नसतें, आणि खरी किंमत मोजावयाची ती या गुणासाठीं.

तेव्हां निवड वर्षांतल्या आठ बऱ्या महिन्यांकडे पाहून करणें चुकीचें. बागेंत जाणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकाला सिंटर्ड पॅड असावेत, यांत फारसा वाद नाहीं. कच्च्या उतारावर मागचाच ब्रेक अधिक वापरला जातो आणि चिखलहि त्यावरच अधिक उडतो.

पुढच्या चाकाचा प्रश्न मात्र नाजूक आहे. पॅडाच्या पाठीवर बहुधा दोन इंग्रजी अक्षरें ठोकलेलीं असतात: एफ-एफ, जी-जी, एच-एच. पहिलें अक्षर साध्या तपमानावरचें घर्षण सांगतें, दुसरें तापल्यावरचें. एफहून जी वरचें, जीहून एच वरचें. विक्रेते एच-एचकडे बोट दाखवतात आणि तरुण भुलतात. पण तीं अक्षरें जोर सांगतात. तो जोर सुरुवातीला कसा येतो, हें सांगत नाहींत. सुट्या खडीवर पुढचा ब्रेक झटक्यानें धरला तर चाक अडकतें, आणि स्वार खालीं येतो. म्हणून ज्याला घाट वारंवार उतरावयाचा आहे त्यानें पुढेंहि सिंटर्डच घ्यावेत, परंतु हळुवार सुरुवात करणारे. आणि ज्याची गाडी हलकी व घाट वर्षांतून दोनदांच, त्याला पुढें सेमी-मेटॅलिक पुरे होतात. १२५ सीसीहून मोठ्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचें झालें आहे, मग ही चिंता कशाला, असें कोणी म्हणेल. एबीएस अडकणारें चाक सोडवितें; झिजलेल्या वा विरलेल्या पॅडाला जोर देण्याचें सामर्थ्य त्याच्यांत नाहीं. शिवाय सगळ्याच डिस्क सिंटर्ड पॅडांसाठीं घडवलेल्या नसतात. गाडीच्या पुस्तकांत तें आधीं पाहावें. डिस्कची किंमत पॅडाच्या अनेक पटींनीं असते.

समुद्रकांठच्या गांवीं आणखी एक शत्रु आहे, तो खारा वारा. पॅडाच्या पाठीचा पत्रा गंजतो, गंज फुगतो आणि घर्षणाचा थर पत्र्यापासून सुटूं लागतो. जाडी भरपूर दिसते, म्हणून मालक निश्चिंत असतो. कडेला बारीक भेग दिसली तरी असा पॅड टाकून द्यावा. ब्रेक-ऑइलहि दमट हवेंतलें पाणी शोषून घेतें: डॉट-४ जातीचें कोरडें ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. त्यांत वाफेचे बुडबुडे झाले कीं लिव्हर थेट मुठीला टेकतो. दर दोन वर्षांनीं तें बदलावें. कोंकणांत त्याआधीं बदललें तरी उधळपट्टी नव्हे.

नवे पॅड बसवण्यास मेअखेर हा काळ बरा. प्रथम ते डिस्कवर नीट बसलेले नसतात. सपाट, रहदारी नसलेल्या रस्त्यावर मध्यम वेगानें जाऊन, पूर्ण न थांबतां, बेताचा ब्रेक वीस-पंचवीस वेळां लावावा आणि मधून मधून त्यांना थंड होऊं द्यावें. पहिले दोनशें किलोमीटर तरी घाट टाळावा. गाडी शनिवारीं सायंकाळीं गॅरेजांतून आणली असेल, तर कोल्हापूरचा बेत पुढच्या रविवारावर ढकलावा, आणि तोंवर बागेंत एक फेरी मारून परततांना कॅलिपरवरचा चिखल धुऊन काढावा.