जाळीच्या नृत्यवेषाची शिवण

नृत्याच्या रंगमंचावर नर्तिका प्रकाशांत येते तेव्हां तिच्या खांद्यांवर, पाठीवर आणि बाहूंवर चमकते खडे नुसते विखुरल्यासारखे दिसतात. प्रेक्षकांस वाटतें कीं, हे खडे उघड्या अंगावरच चिकटविले असावेत. वस्तुतः तेथें अंग उघडें नसतें. त्वचेच्या रंगाची, बारीक छिद्रांची आणि अंगाबरोबर ताणली जाणारी जाळी तेथें बसविलेली असते. वेषाचा बराचसा भार तीच वाहत असते. हा आभास टिकणार कीं मोडणार, हें बहुतांशीं शिवणीवर ठरतें. जाड कापडांत वांकडी शिवण अस्तराखालीं लपते, घडींत दडते, इस्त्रीनें बसते. जाळींत दडावयास जागाच नसते. आंत जें असेल तें बाहेरून दिसतें.

जाळी ही नृत्याला नवी वस्तु नव्हे. इंग्लंडांतील जॉन हीथकोट यानें १८०८ व १८०९ सालीं जाळी तयार करणाऱ्या यंत्राचीं पेटंटें मिळविलीं आणि हातानें होणारें हें नाजूक काम यंत्रावर आलें. १८१६ सालीं लफबरो येथील त्याच्या कारखान्यांतील यंत्रें फोडण्यांत आलीं. त्यानंतर त्याचा धंदा डेव्हन परगण्यांतील टिव्हर्टन या गांवीं भरभराटीस आला. ट्यूल या फ्रेंच नांवानें ओळखली जाणारी जाळी पुढें बॅलेच्या घेरदार झग्यांत रुळली. मात्र ती अंगापासून दूर उभी राहणारी जाळी होती. तिच्या शिवणीला झग्याचें वजन तेवढें सांभाळावें लागे.

अंगाला लपेटून राहणाऱ्या वस्त्राची गोष्ट निराळी. १९३० सालीं न्यूयॉर्क येथें मार्था ग्रॅहम यांनीं ‘लॅमेंटेशन’ हें एकल नृत्य सादर केलें. त्यांत त्या बांकावर बसलेल्या असत आणि विणीच्या कापडाच्या एका नळींत त्यांचें बहुतेक सारें अंग असे. कोपर किंवा गुडघा हलला कीं कापडावर जो ताण उमटे, तोच त्या नृत्याचा प्राण होता. पुढें १९५८ सालीं अमेरिकेंतील ड्यूपाँट कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनीं स्पॅन्डेक्स हा कृत्रिम तंतु सिद्ध केला. लायक्रा या व्यापारी नांवानें तो घरोघरीं पोंचला. मूळ लांबीच्या पांचपट ताणला तरी सोडतांच तो जवळजवळ पूर्ववत् होतो. नायलॉनच्या जाळीदार विणींत हा तंतु थोडासा मिसळला आणि अंगासरशी बसणारी, वांकल्याबरोबर वांकणारी जाळी तयार झाली. जुन्या जाळीची शिवण कापडाचें वजन पेलीत होती. नव्या जाळीच्या शिवणीला मनुष्याची हालचाल पेलावी लागते. सारी अडचण येथूनच सुरू होते.

ही अडचण क्षुल्लक नाहीं. दक्षिण कोरियांत २०१८ सालीं झालेल्या हिंवाळी ऑलिंपिक सामन्यांत बर्फावरील नृत्याच्या स्पर्धेत फ्रान्सच्या गॅब्रिएला पापाडाकिस यांच्या वेषाचा मानेमागील बंद पहिल्या नृत्याच्या आरंभींच सुटला. त्यांनीं व त्यांच्या जोडीदारानें नृत्य थांबविलें नाहीं. तें शेवटपर्यंत नेलें. अंतिम गणनेंत ही जोडी ०.७९ गुणांनीं सुवर्णपदकास मुकली. त्याच सामन्यांत कांहीं दिवस आधीं यजमान देशाच्या यूरा मिन यांच्या वेषाचा पाठीवरील आंकडा नृत्य सुरू होतांच निघाला होता. गुणांचा तो फरक वेषामुळेंच पडला असें कोणास म्हणतां येणार नाहीं, आणि दोन्ही वेळीं सुटलें तें बंद किंवा आंकडा, शिवण नव्हे. परंतु नर्तिकेचें लक्ष एकदां वेषाकडे गेलें म्हणजे तें नृत्याकडून गेलें, एवढें तरी या प्रसंगांवरून स्पष्ट होतें. शाळेच्या स्नेहसंमेलनांत नाचणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीलाहि हाच नियम लागू आहे. कांखेंतील शिवण टचकन् उसवली कीं तिचा हात पुन्हां पुरता वर जात नाहीं.

म्हणून शिवण्यापूर्वीं कापडाची ओळख करून घ्यावी. जाळीचा तुकडा घेऊन त्यावर १० सेंटिमीटर अंतर खुणेनें दाखवावें आणि तो आडवा व उभा असा दोन्ही बाजूंनीं ताणून पाहावा. १० सेंटिमीटरचे १५ झाले, तर त्या दिशेनें कापड निम्म्यानें वाढतें असें समजावें. जी दिशा अधिक ताणते ती अंगाच्या घेरावर यावी, हा सामान्य नियम. तुकडा सोडल्यावर तो मूळ मापावर येतो कीं नाहीं, हेंहि पाहावें. जो परत येत नाहीं तो गुडघ्यावर आणि कोपरावर पोंगा धरतो. या विणीच्या जाळीचा एक मोठा गुण असा कीं, कापलेल्या कडेचे धागे सहसा सुटत नाहींत. त्यामुळें कड दुमडून झांकण्याची गरज उरत नाहीं आणि शिवण अगदीं अरुंद ठेवतां येते.

आतां टांक्याचा विचार. साध्या सरळ टिपेंत दोऱ्याची लांबी जवळजवळ शिवणीइतकीच असते. कापड दीडपट झालें तरी दोरा दीडपट होत नाहीं. अर्थात् तो तुटतो. नागमोडी टांक्यांत दोरा तिरका जातो आणि तेवढी लांबी राखून ठेवतो. सुई प्रत्येक टांक्यास १ मिलिमीटर पुढें आणि १ मिलिमीटर बाजूस गेली, तर तिरकी लांबी सुमारें १.४ मिलिमीटर भरते. म्हणजे १० सेंटिमीटरच्या शिवणींत सुमारें १४ सेंटिमीटरपर्यंत वाढण्यापुरती शिल्लक असते. तोच टांका पुढें २ मिलिमीटर आणि बाजूस १ मिलिमीटर घेतला, तर १० सेंटिमीटरला वाढीची शिल्लक जेमतेम सव्वा सेंटिमीटर राहते. टांका अरुंद असला तरी चालेल, परंतु तो लांब असूं नये, हें या गणितावरून ध्यानांत येईल. ओव्हरलॉक यंत्राचा टांका कडेभोंवतीं वळसे घेत जातो. त्यांत दोऱ्याची शिल्लक याहूनहि पुष्कळ असते, म्हणून व्यवसायी शिवणकाम बहुधा त्यावर होतें.

सुई बोथट गोल टोंकाची, ताणणाऱ्या कापडासाठीं म्हणून मिळते ती घ्यावी. तलम जाळीला ७० किंवा ७५ क्रमांकाची पुरते. तीक्ष्ण सुई धागा छेदते आणि ताण पडतांच त्या जागीं भोंक वाढत जातें. गोल टोंकाची सुई धाग्याला बाजूस सारून जाते. दोरा पॉलिएस्टरचा असावा. सुती दोरा या कामीं लवकर तुटतो. रंगाची निवड जाळी टेबलावर ठेवून करूं नये. ती नेसणारीच्या हातावर पसरावी आणि त्यावर दोरा धरून पाहावा. अगदीं जुळणारा रंग न मिळाल्यास किंचित् गडद घ्यावा. फिकट दोरा दिव्यांच्या प्रकाशांत उठून दिसतो.

प्रत्यक्ष शिवतांना पहिला त्रास असा होतो कीं, यंत्र आरंभींच जाळी सुईखालच्या भोंकांत ओढून घेतें. त्यावर उपाय सोपे आहेत. आरंभ जाळीवर न करतां दुसऱ्या कापडाच्या तुकड्यावर करावा आणि टीप चालू असतांच जाळीवर यावें. सुईचा व बॉबिनचा असे दोन्ही दोरे पहिले चार टांके पडेपर्यंत मागें धरून ठेवावे. जाळीखालीं पातळ कागदाची पट्टी घातल्यास यंत्राच्या दांत्यांना धरावयास कांहीं तरी मिळतें. शिवून झाल्यावर कागद हलक्या हातानें फाडून काढावा. टांचण्या जाळीच्या छिद्रांतून गळून पडतात. त्यांच्याऐवजीं चिमटे लावावे, अथवा निराळ्या रंगाच्या दोऱ्यानें धांवदोरा घालावा.

दुसरा त्रास लाटांचा. नागमोडी टीप घालतांना हातानें कापड ओढलें, तर शिवण ताणलेल्या स्थितींत पक्की होते आणि कड लाटेसारखी उभी राहते. म्हणून यंत्राच्या पायाचा दाब कमी करावा आणि कापड आपल्या चालीनें जाऊं द्यावें. हातांनीं केवळ दिशा दाखवावी. ओव्हरलॉक यंत्रांत पुढच्या दांत्यांची गति वाढविण्याची सोय असल्यास ती वापरावी. कापड किंचित् गोळा होऊन सुईखालीं जातें आणि लाट उठत नाहीं.

शिवणीची माया आरंभीं १ सेंटिमीटर ठेवावी. अगदीं कडेलगत शिवूं गेल्यास निम्मे टांके छिद्रांत पडतात. एक टीप घालून झाल्यावर तिच्या बाहेरच्या अंगास २ मिलिमीटरवर दुसरी घालावी आणि मग टोंकदार कात्रीनें उरलेली माया दुसऱ्या टिपेलगत कापून टाकावी. राहते ती ३-४ मिलिमीटरची एकच बारीक रेघ. दुरून ती दिसत नाहीं. जवळून दिसली तरी ती मुद्दाम आंखल्यासारखी दिसते. घोळदार, मोकळ्या झग्यांत कड आंत मिटवून घेणारी फ्रेंच शिवण शोभते. परंतु अंगासरशी बसणाऱ्या भागांत ती जाड होते, ताणत नाहीं आणि टोचते. तेथें तिचा मोह टाळावा.

अनेक घरांत आजहि केवळ सरळ टीप घालणारें काळें यंत्र आहे. त्यावर हें काम अशक्य नाहीं. तेथें नियम मात्र उलटा होतो. सुईच्या पुढें व मागें असें दोन्ही हातांनीं कापड सारखें धरून तें थोडें ताणीत शिवावें, टांका २ मिलिमीटरहून मोठा नसावा आणि दोऱ्याचा ताण जरा सैल करावा. हात काढल्यावर शिवणींत बारीक चुण्या दिसतात, पण वेष अंगावर चढला कीं त्या विरून जातात. नागमोडी टांक्याजवळ स्वतःची शिल्लक असते म्हणून तेथें ओढणें हा दोष. सरळ टांक्याला ती शिल्लक ओढूनच पुरवावी लागते. कांखेसारख्या अवघड जागीं हातानें घातलेली बारीक उलटी टीप हीहि उत्तम. तिचा प्रत्येक टांका मागें वळून पुढें जातो, म्हणून ती सरळ धांवदोऱ्यासारखी ताठ नसते.

सर्वच शिवणी सारख्या ताणाव्या असें मात्र नाहीं. बाजूच्या, बाहीच्या व कांखेच्या शिवणींनीं अंगाबरोबर वाढलें पाहिजे. खांद्याची शिवण वाढली तर गळा ओघळतो आणि खड्यांच्या वजनानें सारा वेष खालीं येतो. म्हणून खांद्याच्या शिवणींत पारदर्शक इलास्टिकची बारीक पट्टी न ताणतां बसवावी. गळ्याच्या कडेला त्याच जाळीच्या आडव्या पट्टीचा अरुंद गोट लावावा. पट्टी गळ्याहून थोडी आंखूड कापली आणि लावतांना सारखी ताणली म्हणजे गळा अंगाला चिकटून बसतो. वाढत्या वयाच्या मुलीसाठीं पुढें सैल करण्याची माया ठेवावयाची असेल, तर ती जाळींत ठेवूं नये. अस्तराच्या अपारदर्शक भागांत ती खुशाल ठेवावी.

इस्त्रीविषयीं जपावें. नायलॉन व स्पॅन्डेक्स दोन्ही उष्णतेनें बिघडतात. मंद इस्त्री आणि मध्यें सुती कापड, किंवा नुसता बोटांचा दाब पुरे.

शेवटची परीक्षा कानानें करावी. पूर्ण झालेली शिवण दोन्ही हातांत धरून कापड जेवढें ताणेल तेवढी ताणावी. टच असा बारीक आवाज आला तर टांका तुटला. ती शिवण उसवून पुन्हां घालावी. मग वेष नेसणारीच्या अंगावर चढवावा आणि तिला आरशापुढें नुसतें उभें न करतां नाचावयास सांगावें. हात पुरते वर, कमरेंतून मागें, गुडघा छातीशीं, पुन्हां सरळ. जेथें ती अडखळेल किंवा हात नेऊन कापड सारखें करील, तेथें दुरुस्ती हवी. ती जर वेषाविषयीं एक शब्दहि न बोलतां नाचतच राहिली, तर शिवण साधली असें खुशाल समजावें.