आधी भाव, मग गाडी

व्यापारात माहिती हेही एक भांडवलच होय. मध्य प्रदेशातील सोयाबीन पिकविणारा शेतकरी पूर्वी गाडी भरून मंडीत जाई आणि लिलावातला भाव त्याला तेथेच प्रथम कळे. भाव उतरलेला असला, तरी माल परत नेणे त्याला परवडत नसे. २००० साली आयटीसी या कंपनीने तेथे ‘ई-चौपाल’ ही योजना सुरू केली. गावातीलच एका शेतकऱ्याच्या घरी इंटरनेटशी जोडलेला संगणक आला. तोच ‘संचालक’ या नात्याने इतरांना मंडीचे आणि कंपनीचे भाव सांगू लागला. गाडी निघण्यापूर्वीच निर्णय करणे त्यामुळे शक्य झाले. मात्र येथे भाव कळविणारा स्वतःच खरेदीदार होता. म्हणून मंडीची वाट मोकळी राहिली, तरच हाती आलेल्या माहितीला मोल राहते.